आधी आसरा, मग पश्चात्ताप

नाताळ म्हटला की बाहेरून पाहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या डोळ्यांपुढे गोठा, मेंढपाळ, आकाशातील तारा आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष उभे राहतात. गोठा आणि मेंढपाळ हे लूकच्या ग्रंथातले. तारा आणि ज्ञानी पुरुष मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातले. मत्तयाचा पहिला अध्याय मात्र सहसा कोणी देखाव्यात मांडीत नाही. त्यात आहे ती एक लांबलचक वंशावळ आणि एका सुताराची मनःस्थिती. पुराणे वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला वंशावळीचा कंटाळा येत नाही. सूर्यवंश-सोमवंशाच्या याद्यांत पुराणकाराने कोणाचे नाव ठेवले आणि कोणाचे गाळले, यावरून त्याचे मन कळते. मत्तयाचेही तसेच आहे.

अब्राहामापासून योसेफापर्यंतच्या या यादीत बापामागून मुलगा अशी पुरुषांचीच नावे असावीत, अशी त्या काळची रीत. तरी येशूच्या आईखेरीज चार स्त्रिया तीत आल्या आहेत. पहिली तामार, सासऱ्याने अन्याय केला म्हणून बुरखा घेऊन वाटेवर बसलेली, जिला जाळून टाकण्याची शिक्षा फर्मावली गेली होती आणि जी त्याच सासऱ्याच्या कबुलीमुळे वाचली. दुसरी राहाब, यरीहो नगरीतील गणिका. तिसरी रूथ, परक्या मवाब देशातून आलेली विधवा. चौथीचे तर नावही मत्तय देत नाही. उरीयाची बायको एवढेच म्हणतो, म्हणजे दावीद राजाच्या पापाची आठवण यादीतच खिळा ठोकावा तशी ठोकून ठेवतो. ज्याचा जन्मोत्सव सांगायचा त्याच्या कुळाची अशी ओळख करून देणारा ग्रंथकार काही साधेपणाने असे लिहीत नसतो.

यादी संपते आणि योसेफ येतो. ज्या मुलीशी त्याची सोयरीक ठरलेली, ती गर्भवती असल्याचे त्याला कळते. यहुदी समाजात वाग्दान विवाहाइतकेच बंधनकारक असे, आणि वाग्दत्त वधूच्या व्यभिचाराला मोशेच्या नियमशास्त्रात धोंडमाराची शिक्षा सांगितली होती. योसेफाने चारचौघांत फिर्याद मांडली असती तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. उलट सचोटीचा माणूस म्हणून वाखाणले असते. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो, आणि त्या नीतिमत्तेचा पुरावा म्हणून सांगतो काय, तर तिची बेअब्रू होऊ नये म्हणून त्याने गुपचूप वेगळे व्हायचे ठरविले. देवदूताचे स्वप्न त्याला यानंतर पडले. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मरिया निर्दोष आहे हे कळण्यापूर्वीच, ती दोषी आहे असे समजूनच, त्या सुताराने धोंडा खाली ठेवला होता. ख्रिस्तजन्माची कथा सुरू होते ती येथून.

आमच्या मावळात ख्रिस्ती वस्ती मोठी नाही. बोरघाटाची रेल्वे १८६३ साली खुली झाली आणि लोणावळा-खंडाळ्याचे रूप पालटले; रेल्वेपाठोपाठ नवी माणसे आली, पुढे नौदलाचे शिवाजी हे शिक्षणकेंद्र आले, शाळा आल्या. त्या शाळांपैकी डॉन बॉस्को आणि ऑक्झिलियम ही नावे लोणावळ्याच्या घराघरांत परिचयाची आहेत. मुलांना ती गणवेशावरून ठाऊक असतात. नावांमागची माणसे ठाऊक असतातच असे नाही. ऑक्झिलियम हा लॅटिन शब्द, अर्थ साहाय्य. डॉन म्हणजे इटलीत धर्मगुरूंना लावायचे आदरार्थी पद. जिओव्हानी बॉस्को यांचा जन्म १८१५ चा, मृत्यू १८८८ चा. १८४१ साली दीक्षा घेऊन ते तुरीन शहरात आले, तेव्हा तेथील तुरुंगात त्यांनी कोवळ्या वयाची पोरे पाहिली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला प्रार्थनेच्या तयारीत असताना देवळाच्या सेवकाने एका अनाथ पोराला, तुला काहीच कसे येत नाही, म्हणून काठीने हाकलले. बॉस्कोंनी सेवकाला दटावले, हा माझा मित्र आहे म्हणून सांगितले आणि पोराला परत बोलावून घेतले. त्यांचे सारे कार्य त्या एका परत बोलावण्यातून सुरू झाले, असे ते स्वतः मानीत. १८७७ साली त्यांनी शिक्षणाच्या दोन पद्धतींवर एक छोटा निबंध लिहिला. एक पद्धत दमनाची : नियम सांगावा, चूक होऊ द्यावी, मग शिक्षा करावी. दुसरी आधीच जवळ राहून पोराला चुकण्यापासून सावरणारी. तिचे तीन आधार त्यांनी सांगितले, विचार, धर्म आणि माया. लोणावळ्याच्या शाळेच्या फाटकावरचे नाव हे असे आहे.

शब्दांकडे थोडे वळू या. संस्कृताच्या विद्यार्थ्याला तो मोह आवरत नाही. मराठी ख्रिस्ती ग्रंथांनी या प्रकरणी दोन शब्द आपल्याकडूनच घेतले आहेत, कृपा आणि क्षमा. कृपा हा पाणिनीयांच्या भिदादि गणातला शब्द, दया करणे या अर्थाच्या क्रप् धातूपासून झालेला. ग्रीक ग्रंथात त्या जागी खारिस हा शब्द आहे. त्याचा अर्थ, ज्यावर घेणाऱ्याचा काही हक्क नाही असे देणे. आणि गंमत अशी की प्रसन्नता आणि कृतज्ञता हेही त्याच शब्दाचे अर्थ आहेत. म्हणजे देणाऱ्याचा चेहरा, दिलेली वस्तू आणि घेणाऱ्याचे मन, तिन्ही एका शब्दात. क्षमा हा शब्द सहन करणे या अर्थाच्या क्षम् धातूचा. म्हणून पृथ्वीलाही आपण क्षमा म्हणतो. नांगरा, खणा, ती सोसते. ग्रीकातला आफेसिस हा शब्द मात्र सोसण्याचा नव्हे, सोडण्याचा आहे. बंदिवानाला सोडणे, ऋण सोडून देणे, बांधलेली गाठ सोडणे. संस्कृत शब्द क्षमा करणाऱ्याच्या बाजूने पाहतो, ग्रीक शब्द क्षमा मिळालेल्याच्या बाजूने. एकाने सोसल्यावाचून दुसरा सुटत नाही, हे दोन्ही शब्द शेजारी ठेवले म्हणजे दिसते.

ऋणाचा दाखला येशूने स्वतः दिला आहे, आणि पुणे जिल्ह्यातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. १८७५ च्या मे महिन्यात याच जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते बाहेर ओढून त्यांची होळी केली होती. ते कागद म्हणजे काय, हे आमच्या पणजोबांच्या पिढीला चांगले ठाऊक होते. येशूच्या दाखल्यात मात्र खत जाळणारा कुळवाडी नव्हे, स्वतः धनको आहे. एका चाकराचे राजाला दहा हजार तालांत देणे होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. फेडण्याची भाषाच हास्यास्पद. राजाने ते सोडून दिले. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरता झाला. या दुसऱ्या प्रसंगापाशी कथा वाचताना हसू येते आणि लगेच थांबते.

परंतु सर्वांत प्रसिद्ध प्रसंग योहानाच्या आठव्या अध्यायातला. व्यभिचारात सापडलेल्या एका स्त्रीला शास्त्री लोक येशूपुढे आणून उभी करतात. एकटीलाच आणतात, पुरुष कोठे गेला हे ग्रंथ सांगत नाही. मोशेचे नियमशास्त्र धोंडमार सांगते, तुझे म्हणणे काय, असा पेच आहे. येशू खाली वाकून बोटाने धुळीत काही लिहितो, आणि पहिला धोंडा उचलण्याचा अधिकार ज्याच्या पदरी पाप नाही अशाला देऊन टाकतो. वडीलधाऱ्यांपासून आरंभ होऊन एकेक जण निघून जातो. मग तो तिच्याशी बोलतो. त्या बोलण्यात दोन गोष्टी आहेत : मी तुला दोषी ठरवीत नाही, ही पहिली, पुन्हा त्या वाटेला जाऊ नको, ही दुसरी. आपण बहुधा या दोन गोष्टी उलट्या लावतो. पुन्हा करणार नाहीस ना, मग ये. येथे आधी दोषमुक्ती आहे आणि वळण नंतर. ख्रिस्ती लोक ज्याला कृपा म्हणतात तिचे सारे वैशिष्ट्य या क्रमात आहे, असे मला वाटते. पापाला पाप म्हणण्याचे त्यात सोडलेले नाही. सोडलेली आहे ती अट.

या प्रसंगाचा ग्रंथेतिहासही बोलका आहे. योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग आढळत नाही. काही पोथ्यांत तो भलत्याच ठिकाणी, लूकच्या ग्रंथातसुद्धा, आढळतो. कथा प्राचीन असली तरी या जागी ती मागाहून आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने यावर एक तर्क केला होता : आपल्या बायकांना मोकळीक मिळेल या भीतीने अल्पश्रद्ध पुरुषांनी हा भाग पोथ्यांतून काढून टाकला असावा. तर्क खरा असो वा नसो, भीती मात्र खरी आहे. क्षमा सांगितली तर पाप वाढेल, ही शंका प्रत्येक धर्माच्या मठात रात्री जागत असते.

आमच्याकडेही ती आहेच. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळाचे आख्यान ज्याने लावले नाही असा कीर्तनकार विरळा. पाप करकरून म्हातारा झालेला माणूस मरताना मुलाला नारायण म्हणून हाक मारतो आणि विष्णुदूत त्याला यमदूतांच्या हातून सोडवितात, श्रोते टाळ्या वाजवितात, आरती होते. पण श्रोत्यांतला एखादा करडा गृहस्थ नंतर हटकून विचारतो, बुवा, मग धर्माने वागायचे कशाला? त्याला सांगावे लागते की मूळ ग्रंथात आख्यान तेथे संपत नाही. विष्णुदूत अजामिळाला लगेच वैकुंठाला नेत नाहीत. ते त्याला फक्त सोडवितात आणि अंतर्धान पावतात. तो अंथरुणावर जिवंत उरतो, आपले सारे आयुष्य त्याला डोळ्यांपुढे दिसते, तो रडतो, घर सोडून गंगाद्वारी जातो, तेथे साधन करतो, आणि मगच तेच दूत पुन्हा येतात. आधी सुटका, मग पश्चात्ताप. योहानाच्या आठव्या अध्यायातला क्रमच हा.

धर्मशास्त्राचा क्रम मात्र निराळा, आणि तोही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताचा. कृच्छ्र, चांद्रायण इत्यादी व्रते आधी, आणि त्यानंतर तो मनुष्य व्यवहाराला योग्य. पतित स्त्रीसंबंधी त्या अध्यायात एक वचन आहे, ज्याकडे आमच्या शास्त्रीमंडळींनी फारसे लक्ष दिले नाही : तिला घराजवळ राहायला जागा द्यावी, अन्नवस्त्र द्यावे, तिचे रक्षण करावे. घरात नव्हे, घराजवळ. परंतु जागा द्यावी असे शास्त्र म्हणते. समाजाने मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील दंडाची भाषा पाठ केली आणि याज्ञवल्क्याची ती झोपडीसुद्धा मोडून टाकली.

आता मावळात परत येतो. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते आणि देहूवरून आळंदीला जाते. या नदीकाठी घडलेली एक गोष्ट मला नाताळच्या दिवसांत नेहमी आठवते. वाघोलीचे रामेश्वरभट विद्वान, अधिकारी ब्राह्मण. तुकोबांना वेदार्थ बोलण्याचा अधिकार नाही असा निवाडा त्यांनी दिला आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. पुढे अनगडशहा फकिराच्या शापाने त्यांच्या अंगाचा दाह सुरू झाला, तो कशाने शमेना, आणि अखेर तुकोबांनी पाठविलेल्या अभंगाने तो शमला, असे परंपरा सांगते. चरित्रकार येथे चमत्कारावर भर देतात. मला पुढची गोष्ट अधिक मोठी वाटते. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत सुदुंबऱ्याचे संताजी जगनाडे आहेत, तसे वाघोलीचे रामेश्वरभटही आहेत. इतकेच नव्हे, तर तुकोबांची जी आरती आपण आजही म्हणतो तिच्या अखेरीस नाव आहे ते रामेश्वराचे. ज्याने वह्या बुडवायला लावल्या त्याचीच आरती! वारकऱ्यांनी दुसऱ्या कोणाची आरती शोधली नाही.

ख्रिस्ती इतिहासात हुबेहूब असाच एक पंडित आहे. स्तेफनाला धोंडमार होत असताना मारेकऱ्यांनी आपली वस्त्रे ज्याच्या पायांशी ठेवली तो शौल. विद्वान, कर्मठ, नव्या पंथाच्या लोकांना धरून आणण्याची पत्रे घेऊन निघालेला. तोच पुढे पौल झाला आणि नव्या करारातील कृपेवरची सर्वांत खोल पत्रे त्याच्या नावावर आहेत. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलो असे म्हणत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यावर पुष्कळांनी तोंडसुख घेतले. पूल दोन्ही दिशांना जातो, हे मात्र तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

हे सारे जुन्या पोथ्यांतलेच, असे कोणी म्हणू नये. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्यप्रदेशात उदयनगरजवळ धावत्या बसमध्ये राणी मारिया या केरळच्या जोगिणीचा खून झाला. गरीब आदिवासींना सावकारीतून सोडविण्याचे काम त्या करीत. मारेकरी समंदरसिंह जन्मठेपेवर गेला. २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण, तीही जोगीणच, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. राखी! आपल्याच श्रावणातली. त्याची सुटका लवकर व्हावी म्हणून घरच्यांनीच खटपट केली. २००६ साली तो सुटला आणि पुढे जिला मारले तिच्या समाधीवर जाऊ लागला. शिक्षा झालीच, अकरा वर्षांचा तुरुंग लटका नव्हे. पण शिक्षा चालू असतानाच त्याला भाऊ करून घेतले होते.

लोणावळ्याहून निघणारी रेल्वे पुण्यावरून दौंडकडे जाते, त्या वाटेवर केडगाव लागते. या विषयावर मराठी माणसाने लिहावे आणि केडगावला उतरू नये, हे होणे नाही. पंडिता रमाबाई या आमच्याच पेशातल्या म्हटल्या पाहिजेत. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सारे कुटुंब तीर्थोतीर्थी देवळात पुराण सांगत हिंडले. १८५८ चा जन्म. आईने संस्कृत शिकविले, भागवत मुखोद्गत. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे विवाह, वैधव्य, आणि १८८३ मध्ये इंग्लंडचा प्रवास.

तेथे काय घडले ते त्यांनी स्वतः १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे आपल्या एका शाखेत पाठविले. ज्यांना समाज पतित म्हणतो अशा स्त्रियांसाठी तेथे आश्रयस्थान होते. त्या स्त्रियांना रमाबाईंनी पाहिले, त्यांची शुश्रूषा करणाऱ्या जोगिणींची माया पाहिली, आणि पालटलेली माणसे पाहिली. त्यांनी कारण विचारले. एका जोगिणीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली : भर दुपारी एकटीच विहिरीवर आलेली, पाच नवरे झालेली, परक्या जातीची बाई, आणि तिच्याजवळ पिण्याला पाणी मागणारा येशू. आपल्याकडील श्रोत्याला या कथेतील पाणी मागणे किती मोठे आहे हे सांगावे लागणार नाही. यहुदी शोमरोन्यांच्या भांड्यालाही शिवत नसत. रमाबाईंच्या मनाला जे लागले ते तत्त्वज्ञान नव्हते. त्या तत्त्वज्ञानात कोणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. लागले ते हे की या धर्मात अशा बाईसाठी एक घर आहे, आणि त्यात शिरण्यापूर्वी तिला शुद्ध व्हावे लागत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

हिंदु धर्मात अशा स्त्रीला दयाच नाही, हा रमाबाईंचा निष्कर्ष मला मान्य नाही. अजामिळाचे आख्यान त्यांना पाठ होते; याज्ञवल्क्याचे वचन त्या माझ्यापेक्षा अधिक चांगले लावू शकल्या असत्या. मंगळवेढ्याच्या गणिकेच्या मुलीला, कान्होपात्रेला, पंढरीच्या देवळात जागा आहे. परंतु त्यांनी आख्यान मागितले नव्हते, घर मागितले होते. घर आपल्याकडेही नव्हते असे नाही. पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढून वाट चुकलेल्या विधवांना दार उघडले होते. पंढरपुरात १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी तसाच आश्रम काढला. पण फुल्यांना त्याबद्दल शास्त्रीमंडळींकडून काय मिळाले, आणि पंढरीला येणाऱ्या लाखोंपैकी किती जण त्या आश्रमाच्या दारावरून गेले, याचा विचार कीर्तनाच्या उत्तररंगात आम्ही कधी आणला नाही.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढले, पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. म्हणजे तेही याच बोरघाटातून वर आले. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून वादळ उठले, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली नेल्या. पालकांची शंका पूर्णपणे निराधार होती असेही म्हणवत नाही. केडगावी १८९८ मध्ये मुक्ती सदन उभे राहिले, दुष्काळात मध्यप्रांतातून आणि गुजरातेतून शेकडो मुलीबाया तेथे आल्या. आणि १८९९ च्या सुमारास तेथेच पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी निराळे घर उभारले गेले. त्याचे नाव रमाबाईंनी कृपा सदन ठेवले. दंड, शुद्धी, सुधार असा कोणताही शब्द त्यांना घेता आला असता. त्यांनी भिदादि गणातला तो जुना शब्द घेतला आणि दारावर लावला.

ख्रिस्ती समाजानेही हा धडा नेहमी गिरविला असे समजण्याचे कारण नाही. येशूच्या करुणेचे ओवीबद्ध पुराण फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ज्या गोव्यात छापले, त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते, आणि मधली चार वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत उठले नाही. रमाबाईंनाही आपल्या गुरुस्थानी असलेल्या भगिनी जेराल्डीन यांच्याकडून अहंकारी, हट्टी असे पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. तो पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. बिशपांच्या अधिकारापुढे रमाबाईंनी मान तुकविली नाही. कृपेची भाषा बोलणाऱ्यांनाही निवाड्याचे आसन सोडवत नाही, ते असे.

रमाबाईंच्या आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. हिब्रू आणि ग्रीक त्यांनी उतारवयात आत्मसात केल्या, कारण भाषांतरावरून भाषांतर करणे त्या पंडितेला पटणारे नव्हते. अडाणी खेडवळ बाईला समजेल अशी मराठी त्यांना हवी होती. कलकत्त्याच्या पंडितसभेत धारेने संस्कृत बोललेल्या स्त्रीने हे ठरवावे, याचे मोल संस्कृतज्ञालाच अधिक कळेल. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. तो केडगावच्याच छापखान्यात छापला गेला. खिळे जुळविणाऱ्या, मुद्रिते काढणाऱ्या, पाने शिवणाऱ्या बाया आणि मुली त्याच सदनांतल्या होत्या. विहिरीवरच्या शोमरोनी बाईचा चौथा अध्याय आणि धुळीत लिहिणाऱ्या येशूचा आठवा अध्याय त्यांच्या हातांनी एकेक अक्षर वेचून उभा केला.